कॉलेज फुटबॉल: करार की कामगिरी?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये संघाची पायरी मैदानापेक्षा टीव्हीच्या करारांवर ठरते. 2024 मध्ये पॅक-12 या विद्यापीठ संघांच्या बड्या गटातून दहा विद्यापीठं बाहेर पडली. मागे उरली फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. खेळात हरली म्हणून नव्हे, बाजारपेठ लहान म्हणून! उलट 2023 मध्ये वँडरबिल्ट विद्यापीठ एसईसी या दुसऱ्या बड्या गटातले आपले आठही सामने हरलं, तरी जागा शाबूत.

इंग्लंडच्या फुटबॉल लीगसारखी बढती-घसरण (वरच्या गटातले तळाचे संघ खाली, खालच्या गटातले अव्वल संघ वर) आली तर शेवटचा सामनाही जीव तोडून खेळावा लागेल. बॉइसी स्टेटसारख्या बड्या गटांबाहेर राहिलेल्या संघांना वर जायची हक्काची वाट मिळेल. धोका खरा आहे: घसरलेल्या संघातले चांगले खेळाडू लगेच दुसरं विद्यापीठ गाठतील, आणि फुटबॉलच्या पैशावर चालणारे पोहणं, कुस्तीसारखे खेळ आधी बंद पडतील. त्यांच्यासाठी निधी राखून ठेवला, तर माझं मत बढती-घसरणीलाच.