नैराश्यावरचे उपचार: मोबाइलच्या पडद्यावर की दवाखान्यात जाऊन?

उपचार घ्यायचे हे ठरलंय, पण व्हिडिओवर की प्रत्यक्ष, इथे घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून पाहिलंय.

व्हिडिओची बाजू आधी. नैराश्य जोरात असतं तेव्हा आंघोळ करणंच जिवावर येतं. तिथे गाडी काढून पुण्यात कर्वे रस्त्यावर पार्किंग शोधत कोण फिरणार? घरबसल्या वेळ मिळते, ताटकळावं लागत नाही, ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती नाही. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टर व्हिडिओवरून औषधही लिहून देऊ शकतात. नोकरीसाठी गाव बदललं तरी समुपदेशक तोच राहतो, हेही कमी नाही.

मला नडली ती जागा. सिंहगड रस्त्यावरचं छोटं घर, हॉलमध्ये आईची मालिका, आतल्या खोलीत मुलीचा अभ्यास. बोलायचं कुठे? शेवटी खाली पार्किंगमध्ये गाडीत बसायचो, काचा वर करून, तेही एप्रिलच्या उन्हाळ्यात. जरा कुठे मोकळं व्हावं, तर वॉचमन काचेवर टकटक करणार, 'साहेब, गाडी थोडी पुढे घेता का?' घरातूनच बोललो तर आईला कळू नये म्हणून इंग्रजीत. आणि इंग्रजीत माझं दुःख ऑफिसच्या मेलसारखं नीटनेटकं व्हायचं. समुपदेशक बाई चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगतो. पण त्यांना दिसायचा तो छातीपर्यंतचा, दाढी केलेला माणूस.

दवाखान्यात बंद दार मिळालं. डॉक्टरांनी आधी वजनकाट्यावर उभं केलं, हातांची चाळवाचाळव पाहिली, पहाटे जाग कधी येते ते खोदून विचारलं, थायरॉइड आणि बी-12 तपासायला सांगितलं (थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच गळून जातो). हे व्हिडिओवरूनही बरंचसं होऊ शकतं म्हणा. माझ्या बाबतीत झालं नाही. सहाची वेळ असली तरी आत जायला साडेसात वाजतात, हे मात्र खरं. खर्चाचा प्रश्न असेल तर ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गर्दीची तयारी ठेवायची.

औषधाचं गणित दोन्हीकडे सारखंच. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन अशा गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, मळमळ मात्र आधी हजर. नेमक्या याच काळात माणूस गोळ्या सोडतो. व्हिडिओची पुढची वेळ रद्द करायला एक बटण पुरतं. दवाखान्यात गेलो नाही तर रिसेप्शनच्या ताईंचा फोन यायचा, 'सर, येताय ना?' या फोनने मला टिकवलं असं वाटतं.

जीव द्यावासा वाटत असेल तर ही तुलना बाजूला ठेवा. कुणाला तरी सोबत घेऊन त्याच दिवशी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

घरात दार लावून बोलता येणारी खोली असेल तर व्हिडिओ वाईट नाहीच. तरी पहिल्या दोन-तीन भेटी प्रत्यक्ष घ्या, पुढचं हवं तर पडद्यावर. आणि पहिल्या भेटीला घरचं कुणीतरी न्या. मी 'झोप तशी ठीक आहे' म्हणालो, ते बायकोने तिथल्या तिथे खोडून काढलं.