उद्यमबागेतील कंट्रोल कार्डांसाठी पीसी८१७: उत्तम, पण हिशेब करून घ्यावा असा ऑप्टोकपलर

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी कंट्रोल कार्ड तयार करणाऱ्यांकडे पीसी८१७ हा चार पायांचा ऑप्टोकपलर हमखास असतो. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर आणि दोहोंमध्ये केवळ प्रकाशाचा दुवा असल्यामुळे काँटॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या विद्युत स्विचच्या) कॉइलमधून उसळणारा झटका थेट मायक्रोकंट्रोलरपर्यंत जात नाही. लिमिट स्विच, प्रॉक्सिमिटी स्विच (वस्तू जवळ आली की चालू होणारा सेन्सर) यांसारख्या संथ सिग्नलसाठी मी आजही हाच भाग सुचवतो. मात्र अनेक जण डेटाशीटवरचा ५००० व्होल्ट हा आकडा पाहून निवड पक्की करतात, ते मला पटत नाही. तो आकडा एका मिनिटाच्या चाचणीचा आहे; सतत सहन करायच्या व्होल्टेजचा नव्हे.

खरी निवड सीटीआरवर, म्हणजे एलईडीतून दिलेल्या करंटच्या किती टक्के करंट पलीकडे मिळतो, यावर ठरते. रँक, म्हणजे सीटीआरनुसार केलेली प्रतवारी, न पाहता घेतलेल्या पीसी८१७ मध्ये ५ मिलीअँपिअरला हे प्रमाण ५० पासून ६०० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. ए रँकमध्ये ते ८० ते १६०, तर सी रँकमध्ये २०० ते ४०० टक्के असते. २४ व्होल्टच्या प्रॉक्सिमिटी स्विचला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर जोडला, तर एलईडीचे सुमारे १.२ व्होल्ट वजा जाता ४.८५ मिलीअँपिअर वाहतात, आणि ५० टक्के सीटीआर धरल्यास पलीकडे सुमारे २.४ मिलीअँपिअर मिळतात. ५ व्होल्टच्या बाजूला पुलअप, म्हणजे आउटपुटला सप्लायकडे वर खेचून धरणारा रेझिस्टर, १० किलोओहमचा असेल, तर अर्धा मिलीअँपिअरही पुरतो. तोच १ किलोओहमचा ठेवला, तर जवळजवळ ५ मिलीअँपिअर लागतात आणि कमी सीटीआरचा नग आउटपुट पूर्ण खाली खेचू शकत नाही. शिवाय सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असताना, सीटीआर छापील आकड्यापेक्षा कमी भरतो आणि वर्षानुवर्षे चालू राहणाऱ्या एलईडीचा प्रकाश मंदावतो. त्यामुळे १० किलोओहमच्या मांडणीत राहणारी चौपट-पाचपट शिल्लक मला अत्यावश्यक वाटते.

पुलअप मोठा ठेवल्याने ट्रान्झिस्टर बंद व्हायला वेळ लागतो. लिमिट स्विचला त्याने काही फरक पडत नाही, पण एका फेऱ्यात १००० पल्स देणारा एन्कोडर (शाफ्टचे फिरणे मोजणारा सेन्सर) ३००० आरपीएमवर ५० किलोहर्ट्झचा सिग्नल देतो. तिथे पीसी८१७ वापरूच नये. त्या जागी ६एन१३७ हा वेगवान ऑप्टोकपलर घ्यावा, आणि त्याच्या सप्लायच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर न चुकता लावावा. २३० व्होल्टचा सोलेनॉइड ट्रायॅकने (एसी चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने) चालवायचा असेल, तर एमओसी३०४१ या ट्रायॅक चालवणाऱ्या ऑप्टोकपलरची ४०० व्होल्टची मर्यादा मला तोकडी वाटते, कारण मेन्सचे शिखरच ३२५ व्होल्टपर्यंत जाते. ६०० व्होल्टचा एमओसी३०६३ अधिक भरवशाचा.

आपल्या भागात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. फाउंड्रीतली काळी, बारीक धूळ कार्डावर बसते, पावसाळ्यात तीच ओल धरते आणि ऑप्टोकपलरखालच्या पृष्ठभागावरून गळतीला वाट मिळते. म्हणून त्याच्या पोटाखालून एकही ट्रॅक नेऊ नये, शक्य असल्यास पीसीबीला तिथे खाच पाडावी आणि वरून कोटिंग द्यावे. दोन्ही बाजूंचे ग्राउंड कुठेतरी जोडलेले असतील किंवा दोन्हींना एकच सप्लाय असेल, तर कितीही महागडा ऑप्टोकपलर लावला तरी आयसोलेशन, म्हणजे दोन्ही बाजूंची विद्युत फारकत, मिळत नाही.

खानापूर, निपाणीकडच्या पंपसेटच्या पॅनेलमध्ये फेज आहे की नाही एवढेच ओळखायचे असेल, तर पीसी८१७ ऐवजी पीसी८१४ घ्यावा. त्यात उलटसुलट जोडलेल्या दोन एलईडी असल्याने एसीच्या दोन्ही अर्धचक्रांत सिग्नल मिळतो. पीसी८१७ च वापरायचा झाल्यास एलईडीला समांतर, उलट दिशेने १एन४१४८ डायोड जोडावाच लागतो, कारण त्याची एलईडी ६ व्होल्टपेक्षा जास्त उलटे व्होल्टेज सोसत नाही.