आरओटीसी शिष्यवृत्ती: अर्जापासून पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंतचा अनुभव

माझ्या मुलीला अमेरिकन लष्कराची, म्हणजे आर्मी आरओटीसीची, चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली त्याला आता वर्ष उलटून गेले आहे आणि विद्यापीठातील तिचे पहिले वर्ष पुढच्या महिन्यात संपेल. अर्ज करताना आम्हाला सर्वांत जास्त अडलेला प्रश्न एकच होता: यासाठी अभ्यासात नेमके किती हुशार असावे लागते? त्याचे जे उत्तर आम्ही गृहीत धरले होते ते बऱ्याच अंशी चुकीचे निघाले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ज्यांना ही योजना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९१६ च्या कायद्याने सुरू झालेल्या आरओटीसीमध्ये, म्हणजे रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअरमध्ये, विद्यार्थी साध्या विद्यापीठात साधी पदवी घेतो, बाकीच्या मुलांबरोबरच वसतिगृहात राहतो आणि शिक्षणासोबतच अधिकारीपदाचे प्रशिक्षण घेऊन पदवीच्या वेळी सेकंड लेफ्टनंट म्हणून, नौदलात असल्यास एन्साइन म्हणून, रुजू होतो. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीसाठी लागते तशी काँग्रेस सदस्याची शिफारस येथे लागत नाही. आर्मी, नौदल आणि हवाई दल यांच्या शिष्यवृत्त्या वेगवेगळ्या असून मरीन्सचा मार्ग नौदलातून आणि स्पेस फोर्सचा हवाई दलातून जातो. उमेदवार अमेरिकेचा नागरिक असावाच लागतो. माझ्या मुलीचा जन्म न्यू जर्सीतला असल्याने तो प्रश्न आला नाही. मात्र तिच्या वर्गातील, पुण्यात जन्मलेल्या आणि वडिलांच्या ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्या एका हुशार मुलाला अर्जच करता आला नाही.

आता गुणांविषयी. आर्मीची किमान अट वाचली तेव्हा आम्ही मनातल्या मनात हसलो होतो, कारण शाळेचा जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी गुणांक, २.५ आणि एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १००० गुण एवढीच ती होती. मुलीचा जीपीए ३.९ आणि एसएटी १४३०. त्यामुळे हे काम झाल्यातच जमा आहे असे समजून आम्ही अर्ज सप्टेंबरपर्यंत लांबवला, आणि ही आमची पहिली चूक होती. किमान अट ही दाराची उंची आहे. आत गेल्यावर बसायला जागा किती आहेत, हे तिच्यावरून कळत नाही. शिवाय आर्मी उमेदवाराला जे एकूण गुण देते त्यांत एसएटी हा केवळ एक भाग असतो. शारीरिक चाचणी, लष्करी अधिकाऱ्याने घेतलेली मुलाखत, स्वभाव आणि पार्श्वभूमी तपासणारी प्रश्नावली, शाळेतील नेतृत्वाची कामे आणि शेवटी निवड मंडळाचे मत, हे सगळे त्यात मिळवले जाते. एसएटीत आणखी शंभर गुण वाढवण्यासाठी आम्ही उन्हाळाभर शिकवणीवर जो वेळ घातला, त्यातल्या निम्म्या वेळात ती रोज धावली असती तर जास्त उपयोग झाला असता, असे मला आज ठामपणे वाटते.

माझे सासरे साताऱ्याचे निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांच्या शिकवणीतून कितीतरी मुले सैनिक स्कूल आणि पुढे एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) वाटेला गेली आहेत. त्यांना ही पद्धत फोनवर समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यानंतरची एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत ९०० गुणांची, शेवटी गुणवत्ता यादी आणि प्रत्येकाला आपला क्रमांक माहीत, असा त्यांचा हिशेब. "इथला कट-ऑफ किती लागतो?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते, कारण येथे कट-ऑफ जाहीर होतच नाही. आपण कुठे कमी पडलो हे नाकारलेल्या मुलालाही कोणी सांगत नाही. या योजनेत मला सर्वांत न पटलेली गोष्ट हीच आहे.

शारीरिक चाचणीत एका मिनिटात जितके होतील तितके पुश-अप, एका मिनिटात कर्ल-अप (पाठीवर झोपून उठण्याचा व्यायाम) आणि एक मैल धावणे असे तीन भाग होते. ती शाळेच्या मैदानावर व्यायामशिक्षकांनी घेतली. पहिल्या सरावात मुलीचे पुश-अप चौदा झाले, आणि तेही शिक्षकांनी दोन न मोजता सोडून दिल्यावर. कोपर काटकोनात वाकले नाही की ते आकडा पुढे नेतच नसत, तोच आकडा पुन्हा उच्चारत. "तेरा. तेरा. तेरा." कुंपणापाशी उभी राहून मी हे ऐकत होते आणि ३.९ जीपीएचा मला त्या क्षणी काडीचाही आधार वाटला नाही. अकरा आठवड्यांनी ती चौतीसवर पोचली आणि मैलाची वेळही सव्वा मिनिटाने कमी झाली. तोवर निवड मंडळाची पहिली बैठक होऊन गेली होती. सुदैवाने पहिल्या बैठकीत निवड झाली नाही तरी अर्ज पुढच्या बैठकीसाठी जिवंत राहतो आणि मधल्या काळात सुधारलेले आकडे त्यात घालता येतात. तिच्याच शाळेतील, एसएटीत ११८० गुण असलेला कुस्ती संघाचा कप्तान मात्र पहिल्याच बैठकीत निवडला गेला होता. त्याच्यावर आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांत जी कुजबुज झाली ती मला मुळीच आवडली नाही. त्या मुलाने चार वर्षे पहाटे उठून जे केले होते ते गुणपत्रिकेत दिसत नाही, इतकेच.

मुलाखतीतही असेच घडले. एपी विषय (शाळेतच घेतलेले महाविद्यालयीन पातळीचे विषय), गणिताच्या स्पर्धा, विज्ञान प्रकल्प हे सगळे मुलीने अर्जात वर लिहिले होते आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून, आमच्या गावातील ढोल-ताशा पथकाचा उल्लेख केला होता. मुलाखत घेणाऱ्या लेफ्टनंट कर्नलसाहेबांनी नेमके तेच पकडले. पथकात किती जण, सराव कोण ठरवते, वाहनतळावर आवाजाची तक्रार आली तेव्हा काय केले, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसे ऐकत नसत तेव्हा काय केले, अशी जवळजवळ वीस मिनिटे चर्चा पथकावरच झाली. तिने खरे सांगितले की एका रविवारी तिने चिडून सराव सोडला होता आणि पुढच्या आठवड्यात सर्वांसमोर माफी मागितली होती. घरी येऊन ती म्हणाली, "आई, गणिताबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही गं."

यावरून अभ्यासाला किंमत नाही असा अर्थ कोणी काढू नये, कारण तीच कागदपत्रे आम्ही हवाई दलाकडेही पाठवली होती आणि तेथे निकाल उलटा लागला. हवाई दलाची किमान अटच जीपीए ३.० आणि एसएटी १२४० अशी आहे. त्यांची पहिल्या प्रकारची शिष्यवृत्ती कोणत्याही विद्यापीठाचे पूर्ण शुल्क देते आणि ती फार थोड्यांच्या वाट्याला येते. दुसऱ्या प्रकारात वर्षाला १८,००० डॉलरची मर्यादा असते आणि सातव्या प्रकारात स्वतःच्या राज्यातील सरकारी विद्यापीठाचे शुल्क मिळते. तांत्रिक शाखांना तेथे उघड झुकते माप असते. नौदलाने तर पदव्यांचे गटच केले आहेत. अभियांत्रिकी पहिल्या गटात, गणित आणि भौतिक विज्ञाने दुसऱ्यात, उरलेल्या सर्व तिसऱ्यात, आणि बहुतेक शिष्यवृत्त्या पहिल्या दोन गटांनाच जातात. इतिहास किंवा इंग्रजी घेणाऱ्या मुलाला नौदलात स्पर्धा फार कठीण आहे आणि शिष्यवृत्ती मिळाली तरी त्याला कॅल्क्युलस आणि कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्र शिकावेच लागते. मुलीला हवाई दलाने नाकारले आणि आर्मीने जानेवारीच्या बैठकीत निवडले. आकडे तेच, अर्जदार तीच. म्हणूनच "आरओटीसीला किती गुण लागतात" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही.

निवडीचे पत्र येताच पेढे वाटण्याची घाई करू नये, हे मी अनुभवाने सांगते. एक तर शिष्यवृत्ती आणि विद्यापीठाचा प्रवेश या संपूर्ण स्वतंत्र गोष्टी आहेत. पत्रात ज्या विद्यापीठांची नावे आहेत त्यांपैकी एखाद्यात आपल्या बळावर प्रवेश मिळाला नाही तर ते पत्र नुसते पडून राहते. दुसरे म्हणजे काहींना चारऐवजी तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊ केली जाते, ज्यात पहिल्या वर्षाचा खर्च आपण करायचा असतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे वैद्यकीय तपासणी, जिने आमच्या तोंडचे पाणी पळवले. वयाच्या तेराव्या वाढदिवसानंतर दम्याची नोंद असेल तर उमेदवार अपात्र ठरतो आणि मग विशेष सवलतीसाठी अर्ज करावा लागतो. मुलीने इनहेलर शेवटचा वापरला तो बाराव्या वर्षी. पण आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याने प्रत्येक वार्षिक तपासणीत जुन्या आजारांची यादी जशीच्या तशी पुढे उतरवली होती आणि त्यामुळे कागदोपत्री तिला पंधराव्या वर्षीही दमा होता. खुलाशाचे पत्र, पुन्हा श्वसनाची चाचणी, औषधांच्या दुकानातून मिळवलेली जुनी नोंद, असे करता करता मेची अखेर उजाडली. विद्यापीठांना होकार कळवण्याची मुदत तोवर संपलेली होती, म्हणजे पैसे येणार की नाही हे माहीत नसतानाच आम्ही जागा पक्की केली होती.

पैशांचे प्रत्यक्ष गणित असे आहे. आर्मी एक तर पूर्ण शिक्षणशुल्क देते किंवा त्याऐवजी राहण्या-जेवणाचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत देते. निवड आपली असते. विद्यापीठाने गुणवत्तेवर आधीच शुल्कमाफी दिली असेल तर दुसरा पर्याय फायद्याचा ठरतो. चांगल्या जीपीएचा खरा मोबदला आम्हाला येथे मिळाला, कारण मुलीला विद्यापीठाकडून शुल्काचा मोठा भाग मिळाला होता. त्याशिवाय पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० डॉलर आणि सत्र चालू असताना महिन्याला ४२० डॉलर विद्यावेतन मिळते, ज्यावर कर नाही. मात्र करारावर सही होऊन सर्व तपासण्या पूर्ण झाल्याशिवाय यातला एक सेंटही सुटत नाही. आमचे पैसे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आले आणि तोपर्यंत विद्यापीठाच्या लेखा विभागाने तिच्या खात्यावर विलंबशुल्क लावून पुढच्या सत्राची नोंदणी रोखून धरली होती. पाच फोन आणि दोन फेऱ्यांनंतर ते मिटले. पहिल्या सत्राचे पैसे घरात तयार ठेवूनच यात उतरावे.

सुरक्षा तपासणीच्या अर्जाबद्दल मराठी घरांना एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. परदेशातील नातेवाईक, त्यांच्या जन्मतारखा, त्यांच्याशी संपर्क किती, परदेशात मालमत्ता आहे का, हे सगळे त्यात विचारतात. आमच्याकडे आजोबा, चुलत आजोबा आणि आजीचे भाऊ अशा तिघांची जन्मतारीख १ जून निघाली. शाळेत नाव घालताना गुरुजींनीच तारीख ठोकून दिली की असे होते हे आपल्याला माहीत असते. तपासणी अधिकाऱ्याला ते माहीत असण्याचे काही कारण नाही. मुलीने ते शांतपणे समजावून सांगितले आणि विषय संपला. भारतीय नातेवाईक असणे हा अडथळा नाही, माहिती लपवणे हा आहे.

पहिल्या वर्षाचा दिनक्रम कठीण आहे. आठवड्यातून तीन दिवस पहाटे सहाच्या आधी मैदानावर हजर, एक लष्करी विषयाचा वर्ग, एका दुपारी गणवेशातील प्रशिक्षण, आणि हे सगळे अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाच्या जोडीला. पहिल्या सत्रात तिचा जीपीए ३.१ वर आला आणि आमच्या घरात तो आकडा ऐकून बराच वेळ कोणी बोलले नाही. आर्मीची अट २.० ची आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीला धोका नव्हता. पण येथे गुणांचा खेळ दुसऱ्यांदा सुरू होतो, आणि हे आम्हाला अर्ज करताना कोणीच सांगितले नव्हते. शेवटच्या वर्षी देशभरातील कॅडेटांची गुणानुक्रमे यादी लागते आणि लष्करातील आवडीची शाखा मिळणार की मिळेल ती घ्यावी लागणार, हे तीवर बरेच अवलंबून असते. त्या यादीत विद्यापीठाच्या जीपीएला मोठे वजन आहे; तिसऱ्या वर्षानंतर केंटकीतील फोर्ट नॉक्स येथे होणाऱ्या शिबिरातील कामगिरी आणि शारीरिक चाचणी यांनाही आहे. शाळेतील ३.९ ने तिला शुल्कमाफी मिळवून दिली, पण या यादीत त्याचा काहीही उपयोग नाही. दुसऱ्या सत्रात तिने एक विषय उन्हाळ्यावर ढकलला आणि गुण सावरले आहेत.

सासऱ्यांनी सगळे ऐकून घेतल्यावर विचारले होते, "म्हणजे बाँड लिहून द्यायचा. मग शिष्यवृत्ती कशाला म्हणता?" त्यांचे म्हणणे खरे आहे. एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते आणि आर्मीत त्यातली साधारणपणे चार पूर्णवेळ सेवेची असतात. पहिले वर्ष मात्र मोकळे आहे. दुसरे वर्ष सुरू होण्यापूर्वी बाहेर पडले तर पैसेही परत मागत नाहीत आणि सेवाही. या ऑगस्टमध्ये ती मुदत संपते. मी तिला त्याबद्दल मुद्दाम विचारलेले नाही. गेल्या आठवड्यात तिने नवे बूट मागवले, जुन्यांचे तळ झिजले म्हणून.

अर्जाचे संकेतस्थळ जूनमध्ये पुन्हा उघडेल. मागच्या रविवारी शेजारचे दांपत्य मुलाची गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे आले होते. एसएटी १५१०. ती पाहून झाल्यावर मी त्याला एक मैल किती वेळात धावतोस असे विचारले आणि त्याच्या आईला, लहानपणी त्याला कधी इनहेलर लागला होता का, असे.