सिंगापूरची हेझ-सूचना सेवा आणि आसियानचा आगीचा नकाशा: वापरून पाहिल्यावर

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आई कोल्हापूरहून आमच्याकडे सिंगापूरला आली होती. एका सकाळी बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी राहून तिने विचारले, “इथं कुणी पाचट पेटवलंय का?” ऊसतोडीनंतर शेतात पेटवलेल्या पाचटाच्या धुराशी तिची आयुष्यभराची ओळख असल्यामुळे वासाबद्दलचा तिचा अंदाज बरोबरच होता. फक्त ते रान सुमारे ५०० किलोमीटर लांब, समुद्रापलीकडे आणि दुसऱ्या देशात, इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटाच्या दक्षिण भागात होते. या धुराला इथे सगळे ‘हेझ’ म्हणतात. तो आला की आम्ही ज्या दोन मोफत सेवांचा आधार घेतो, त्यांचे हे परीक्षण आहे.

पहिली सेवा म्हणजे सिंगापूरच्या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेचे ‘मायईएनव्ही’ हे ॲप. पाऊस, डेंग्यूची ठिकाणे आणि हवेची प्रत हे सारे त्यात एकत्र मिळते. हवेसाठी बेटाचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य असे पाच भाग केले असून प्रत्येक भागाचे आकडे दर तासाला बदलतात. मात्र हे आकडे दोन प्रकारचे आहेत, आणि नवख्याची फसगत होते ती इथेच. ठळकपणे चर्चेत असतो तो पीएसआय, म्हणजे प्रदूषण निर्देशांक, आणि तो गेल्या २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. दुपारी वाऱ्याची दिशा बदलून धूर आत शिरला, तरी तो आकडा सावकाश चढतो. उलट रात्री पावसाने हवा धुऊन निघाली, तरी सकाळी तो आदल्या दिवसाचेच रडगाणे गात असतो. आता खिडक्या उघडाव्यात का, किंवा आईला खाली बागेत फिरायला न्यावे का, हे ठरवायचे असेल, तर त्याच पानावरचा सूक्ष्म कणांचा, म्हणजे पीएम २.५ चा, एका तासाचा आकडा पाहावा. तो ५५ पर्यंत असेल तर सामान्य धरला जातो. पीएसआय वाचायचा तो उद्याच्या बेतासाठी. संस्थेचा सल्लाही हाच आहे, पण ॲप उघडणाऱ्याच्या तो चटकन लक्षात येत नाही, ही मांडणीतील उणीव मानावी लागेल.

भारतातून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन्ही देशांच्या निर्देशांकांत ‘१००’ हा आकडा येतो, पण त्यामागचे माप वेगळे आहे. २४ तासांच्या सरासरीत पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरमागे ५५ मायक्रोग्रॅमच्या वर गेले की सिंगापूरमध्ये पीएसआय १०० ओलांडतो आणि हवा ‘अनारोग्यकारक’ ठरते. भारतीय निर्देशांकात तीच हवा ६० मायक्रोग्रॅमपर्यंत १०० च्या आत, ‘समाधानकारक’ या वर्गात बसते. त्या ऑक्टोबरात इथला पीएसआय १०० च्या पुढे गेला, तेव्हा गावाकडच्या नातेवाइकांना त्यात काळजीचे काही दिसेना, त्याचे कारण हेच असावे.

दुसरी सेवा मला अधिक मोलाची वाटते. आसियान या आग्नेय आशियाई गटातील देशांच्या हवामान खात्यांनी मिळून १९९३ मध्ये स्थापलेले आसियान विशेष हवामान केंद्र सिंगापूरच्या हवामान खात्यामार्फत चालते. उपग्रहांनी टिपलेले आगीचे ठिपके, धुराचे पट्टे आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा नकाशा ते रोज प्रसिद्ध करते, आणि ० ते ३ अशा पातळ्यांत इशारेही देते. ॲप पाहून आपण कोणती हवा घेत आहोत एवढेच समजते; ती कुठून आली हे या नकाशावर दिसते. तो वाचताना थोडी सबुरी मात्र हवी. ढग असले की खालची आग उपग्रहाला दिसत नाही, त्यामुळे ठिपके कमी झाले म्हणजे आगी विझल्या असे होत नाही. शिवाय सुमात्रा आणि कालीमंतानमध्ये (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग) बरीच जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षे साचलेल्या अर्धवट कुजलेल्या झाडोऱ्याची आहे. लागवडीसाठी चर खणून तिच्यातले पाणी काढले की ती वाळते आणि एकदा पेटली की जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. अशा जागी ठिपका छोटा असला तरी धूर प्रचंड असतो.

नकाशा पाहून आईने पुढचा प्रश्न विचारला, “पण रान कुणाचं?” तिथे ही सेवा गप्प होते. याचा दोष केंद्राला देता येत नाही, कारण ती मर्यादा शेजाऱ्यांच्या सहकार्याची आहे. सीमापार धुराविषयीचा आसियान करार २००२ मध्ये झाला आणि २००३ मध्ये अमलात आला. पण ज्या देशात आगी सर्वाधिक लागतात, त्या इंडोनेशियाच्या संसदेने त्याला मंजुरी दिली ती २०१४ मध्ये. जमिनीच्या भाडेपट्ट्यांचे नकाशे देवाणघेवाणीसाठी खुले करण्याची बोलणी २०१३ पासून झाली, आणि ती कायदेशीर अडचणींच्या सबबीवर अडली. सिंगापूरने २०१४ मध्ये परदेशातील आगीबद्दलही कंपन्यांना दिवसाला एक लाख सिंगापूर डॉलरपर्यंत दंड करता येईल असा कायदा केला खरा, पण जमीन कोणाच्या ताब्यात आहे हे दाखवणारे भरवशाचे नकाशे नसतील, तर तो लावायचा कोणाला? ठिपक्यांवर पट्टेदारांच्या हद्दी दिसू लागतील, त्या दिवशी मी या सेवेला पाचपैकी पाच गुण देईन, तूर्त साडेतीन.

आईवडिलांना इकडे बोलावणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना. सुमात्राच्या बाजूचा कोरडा हंगाम साधारण जून ते ऑक्टोबर असतो, म्हणून त्या काळातली तिकिटे काढण्याआधी याच केंद्राचा हंगामी अंदाज वाचावा. २०१५ आणि २०२३ ही एल निन्योची, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून या भागात पाऊस कमी पडण्याची, वर्षे होती आणि दोन्ही वर्षी धूर आला. एल निन्यो नाही म्हणून निर्धास्त राहणेही योग्य नाही: २१ जून २०१३ रोजी तीन तासांच्या सरासरीचा पीएसआय ४०१ वर पोहोचला होता, आणि ते वर्ष एल निन्योचे नव्हते.