ईली की डरहम: एका मुक्कामासाठी

ईली आणि डरहम ही इंग्लंडमधली कथीड्रलची, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चची, दोन गावं. लंडनहून एडिनबरोला रेल्वेने जाणार असाल, तर डरहम वाटेतच लागतं. ईलीसाठी वाकडी वाट करावी लागते. केंब्रिजहून मात्र ते रेल्वेने जेमतेम पंधरा मिनिटांवर.

डरहमचं कथीड्रल १०९३ साली सुरू झालं. वेअर नदीनं तिन्ही बाजूंनी वेढलेल्या उंच कड्यावर ते उभं आहे. आत संत कथबर्ट आणि इतिहासकार बीड यांच्या समाध्या आहेत. प्रवेशाला तिकीट नाही, दानपेटी आहे. पण खरं सुख खाली, नदीकाठच्या झाडीतल्या पायवाटेवर. प्रेबेंड्स पुलावर थांबा आणि वर बघा, पाय निघत नाही. चढउतार बराच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी जपून.

ईली सपाट, शांत, छोटं. ग्रेट ऊझ नदीत नांगरलेल्या होड्या बघत चहा घ्यावा. १३२२ साली कथीड्रलचा मधला मनोरा कोसळला आणि त्या जागी लाकडी अष्टकोनी कळस उभारला. त्याच्याखाली उभं राहून मान वर केली, की बोलणंच थांबतं. इथे तिकीट काढावं लागतं.

आईबाबा सोबत असतील तर मी ईलीच निवडेन. एकटी असेन तर डरहम, आणि तेही दोन रात्री.