पोर्टिंगच्या छत्रीखाली आईचा अंगठा दोनदा घेतला

आईच्या नावावर एक मोबाइल नंबर चालू होता. आईने तो कधी घेतलाच नव्हता. तो कुणाच्या खिशात फिरत होता कोण जाणे, पण निघाला कुठून ते पक्कं माहीत आहे. बिल कमी करायचं म्हणून आम्ही दोघींनी आपापले नंबर पोर्ट केले, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, तेव्हा सोसायटीच्या गेटबाहेर सिम विकणाऱ्यांची जी छत्री लागली होती, तिथून. कंपनीचं नाव लिहीत नाही. छत्री कुठल्याही कंपनीची असू शकते, आणि या पोरांच्या पिशवीत एका वेळी दोन-तीन कंपन्यांची सिम असतात. आमच्या प्रकरणात नेमका त्याचाच उपयोग झाला.

जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, तेव्हापासून घरात पोर्ट करायचा विषय चालू होता. माझा नंबर पोस्टपेड, आईचा प्रीपेड. छत्रीवरचा मुलगा बोलायला गोड. आईला आजी, मला ताई. आधी त्याने दोन-तीन गोष्टी अगदी खऱ्या सांगितल्या. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज पडतात. नंबर तोच राहतो. जुन्या कंपनीला अडवता येत नाही. हे सगळं बरोबर आहे, त्यामुळे पुढचं खोटंही त्याच ओघात पचून गेलं.

त्याचा भाव होता दोन नंबर मिळून पोस्टपेडचे ५९९. हा आकडा जीएसटीशिवायचा होता. प्रीपेडची किंमत करासकट सांगतात, पोस्टपेडची कर सोडून, आणि छत्रीवर दोन्ही शेजारी ठेवून तुलना करतात. १८ टक्के धरले की ५९९ चे ७०६ रुपये ८२ पैसे होतात. वर तीन महिन्यांनी एका मनोरंजनाच्या पॅकेजचे पैसे आपोआप चालू झाले, जे सांगताना 'कायमचं फुकट' होतं. थोडक्यात, बचत म्हणावी तर वडापावपुरती.

शिवाय प्रत्येक नंबरमागे दीडशे रुपये 'पोर्टिंग फी' रोख घेतली. दूरसंचार नियामक ट्रायने पोर्टिंगचा दर ठरवून दिलाय तो ६ रुपये ४६ पैसे, आणि बहुतेक कंपन्या ग्राहकाकडून तेही घेत नाहीत. आईचा रिचार्ज नुकताच झाला होता. 'उरलेले दिवस नव्या सिमवर येतील' म्हणाला. प्रीपेडची शिल्लक पोर्टिंगमध्ये कधीच पुढे जात नाही, नंबर गेला की ती बुडाली. पण हे सगळं शे-दोनशे रुपयांचं दुखणं. खरा प्रकार अंगठ्याचा.

नव्या सिमसाठी आधारची पडताळणी तिथे अंगठ्याने करत होते. माझा अंगठा एका दमात लागला. आईची पाळी आली तेव्हा मशीनवर अंगठा ठेवला, हिरवा दिवा लागला, आणि तो म्हणाला, 'आजी, फेल दाखवतंय. रेषा झिजल्यात.' आता म्हाताऱ्या माणसांचं हे खरंच होतं. रेशनच्या दुकानात आईला दर वेळी दोन-तीन बोटं बदलून बघावी लागतात, त्यामुळे आम्हाला काहीच वावगं वाटलं नाही. त्याने रुमालाने काच पुसली, आईचं बोट पुसलं, परत ठेवायला लावलं. मग फोटोही परत काढला, 'डोळे मिटले होते' म्हणून. आईने तेव्हाच विचारलं होतं, 'अरे, वायर दुसऱ्या फोनला का लावलीस?' तो म्हणाला, 'आजी, याला नेट चांगलं आहे.'

आईचा हा प्रश्न पुढे फार कामाला आला.

पोर्टिंग स्वतः बिनबोभाट झालं. PORT लिहून पुढे आपला दहा आकडी नंबर टाकून १९०० वर मेसेज पाठवायचा, आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो, आणि एकाच सर्कलमध्ये, म्हणजे एकाच सेवाक्षेत्रात, तीन कामाच्या दिवसांत नंबर नव्या कंपनीकडे जातो. डिसेंबर २०१९ पासून हीच पद्धत आहे आणि ती चांगली आहे, यात वाद नाही. गोची झाली माझ्या जुन्या बिलाची. मी विचारलं तर म्हणाला, 'ताई, कोड आला म्हणजे बिल क्लिअर. थकबाकी असती तर कोड आलाच नसता.' ऐकायला किती पटतं! मुदत उलटलेलं बिल असेल तर कोड मिळत नाही, हे बरोबर. पण चालू महिन्याचा वापर अजून बिलात आलेलाच नसतो. ते शेवटचं बिल जुनी कंपनी नंतर काढते, माझं तर जुन्या ईमेलवर गेलं, आणि न भरल्यास जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवते. मग नवी कंपनी तुमची सेवा थांबवते, नव्या कंपनीचं बिल वेळेवर भरलेलं असलं तरी.

माझे आउटगोइंग कॉल एके दिवशी बंद पडले ते असे. म्हणून नव्या कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे तिच्या अधिकृत दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने दोन मिनिटांत थकबाकीचं कारण सांगितलं आणि मग सहज विचारलं, 'पोर्ट कुठून केलंत? छत्रीवरून? अंगठा किती वेळा घेतला?' मी आईचं सांगितलं तर ती म्हणाली, 'मॅडम, आजच्या आज संचार साथीवर बघा.'

दूरसंचार विभागाचं हे पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झालं, जानेवारी २०२५ पासून त्याचं ॲपही आहे. आपला नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, की आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत त्यांची यादी येते. आईच्या नावावर एकच नंबर असायला हवा होता. दोन निघाले. दुसरा दुसऱ्याच कंपनीचा.

मग आधारच्या संकेतस्थळावर पडताळणीचा इतिहास काढला. मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे वापरलं गेलं, किती वाजता, बोटाने की ओटीपीने, कोणत्या संस्थेने मागितलं आणि ते यशस्वी झालं की नाही, सगळं तिथे दिसतं. त्या दिवसाच्या दोन नोंदी काही मिनिटांच्या अंतराने होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोन्ही यशस्वी. म्हणजे 'फेल' झालेला पहिला अंगठा मुळीच फेल झाला नव्हता. दुसरी वायर, दुसरा फोन, दुसरा फोटो यांचा अर्थ तेव्हा लागला. आईने वायरचं लक्षात ठेवलं होतं म्हणून तक्रारीत ते नेमकं लिहिता आलं. एरवी 'आजींना नीट आठवत नसेल' असं म्हणायला सगळे तयारच होते.

अशा सिमचं काय करतात, ते आता वर्तमानपत्रात रोज छापून येतं. 'मी सीबीआयमधून बोलतोय', 'तुमचं पार्सल अडकलंय' असले फोन दुसऱ्याच्या नावाच्या सिमवरून केले जातात. म्हणून त्या मुलाला आमच्या पोर्टिंगमध्ये मिळणाऱ्या कमिशनपेक्षा तयार, चालू, म्हाताऱ्या बाईच्या नावाचं सिम जास्त मोलाचं असणार. वयस्कर माणसंच का हेरतात, हे वेगळं सांगायला नको. त्यांचा अंगठा 'फेल' झाला तर कुणाला शंका येत नाही, आणि ती पोर्टल उघडून बघायला जात नाहीत.

संचार साथीवर त्या नंबरसमोर 'हा माझा नंबर नाही' असं निवडलं, संदर्भ क्रमांक मिळाला, आणि पुढे पडताळणी होऊन नंबर बंद झाला. इतकं सरळ पार पडलेलं सरकारी काम मी क्वचितच पाहिलंय. बाकी ठिकाणी मात्र टोलवाटोलवी. आमच्या नव्या कंपनीचं म्हणणं, तो मुलगा त्यांचा नोकर नाही, वितरकाचा माणूस आहे. वितरक म्हणतो, तो सोडून गेला. वास्तविक सिम विकणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंदणी आणि पडताळणी कंपनीनेच करायची, असा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. अर्जावर विक्रेत्याचा कोड असतो. आम्ही आमच्या अर्जाची प्रत मागून घेतली आणि तो कोड तक्रारीत टाकला, तेव्हा कुठे 'सोडून गेला' हे उत्तर बदलून 'चौकशी चालू आहे' झालं.

ट्रायकडे वैयक्तिक तक्रार चालत नाही, हे बरेच जण उशिरा शिकतात. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्यायचा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे दाद मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. गॅलरीत कुणी 'आमच्यावर तिथे केस होत नाही' म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न आला, 'पैसे किती गेले?' गेले नाहीत म्हटल्यावर हवालदारांचा रस संपला. १९३० हा हेल्पलाइन नंबर पैसे गेले असतील तेव्हाचा, आमच्यासारख्यांनी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकायची. तीही टाकली. दूरसंचार कायदा २०२३ नुसार फसवणुकीने सिम मिळवणं हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, हे मी छापून नेलं होतं. साहेबांनी ते वाचलं, अर्ज मात्र अर्जच राहिला. तरी मी शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय उठले नाही.

पोर्ट करूच नका असं मी म्हणत नाही. दर बघून कंपनी बदलणं हा आपला हक्क आहे, आणि महिन्याचे शंभर रुपये वाचत असतील तर वाचवावेत. फक्त ते कंपनीच्या गॅलरीत जाऊन करा, नाहीतर आधार ओटीपीने घरबसल्या करा. ओटीपीच्या पद्धतीत अंगठा लागत नाही. छत्रीवरच करायचं असेल आणि 'फेल' म्हटलं गेलं, तर पुढचं बोट ठेवण्याआधी त्याच्या फोनची स्क्रीन आपल्याकडे फिरवायला सांगा आणि वर कोणत्या कंपनीचं ॲप उघडलंय ते वाचा. टाळाटाळ केली तर उठा. नंतर संचार साथीवर यादी बघाच. आणि हे आधीच पाहून ठेवा, की नव्या कंपनीत गेलात की पुढचे ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. छत्रीवाल्याला ते पाठ असतं. भाव चुकीचा सांगितला तरी तुम्ही तीन महिने हलणार नाही, हे धरूनच तो बोलतो.

आईच्या आधारचं बायोमेट्रिक आता लॉक केलंय. ही सोय आधारच्या ॲपमध्ये फुकट आहे. त्रास एवढाच की रेशन आणताना आणि नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला ते तेवढ्यापुरतं उघडावं लागतं, आणि ते विसरलं की दुकानात रांगेतल्या लोकांची बोलणी खावी लागतात. आई त्यावर वैतागते, तरी लॉक काढू देत नाही.

त्या दुसऱ्या नंबरवरून मधल्या काळात कुणाला फोन गेले, हे त्या कंपनीला लेखी विचारलं. उत्तर आलं, की ही माहिती फक्त नोंदणीकृत ग्राहकाला देता येते. ग्राहक म्हणून नाव आईचं. पण नंबर आपला नाही असं आईनेच लिहून दिलेलं असल्यामुळे तिलाही देता येत नाही. तेव्हा पोलिसांची शिक्क्याची पोच, संचार साथीचा संदर्भ क्रमांक आणि आधारच्या त्या दोन नोंदींचा छापील कागद एका फायलीत घालून ठेवलाय. उद्या त्या नंबरवरून कुणाला लुबाडल्याची चौकशी दारात आली, तर दाखवायला आमच्याकडे तेवढंच आहे.