टीडीएस ‘पूर्ण परत’ आणणाऱ्यांपासून सावध : बडोद्यातल्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी

रिटर्नचा हंगाम आला की टीडीएसबद्दल, म्हणजे कंपनीने पैसे देताना आधीच कापलेल्या कराबद्दल, एक मेसेज फिरायला लागतो. ‘टीडीएस पूर्ण परत. आधी एक पैसाही नको, रिफंड आल्यावर फक्त १० टक्के.’ दांडिया बाजारातला डिझाइन इंजिनिअर असो की मकरपुरा जीआयडीसी वसाहतीतला फॅब्रिकेशनचा ठेकेदार, दोघांनाही ऑफर तीच. शंका विचारली तर उत्तर ठरलेलं : ‘थई जशे’, होऊन जाईल. आणि होतंही. पैसे खात्यात येतात, म्हणून तर गडी फसतो.

आधी हिशेब पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे. समजा, एक इंजिनिअर पगारावर नाही, कॉन्ट्रॅक्टवर पायपिंगचं डिझाइन करतो. २०२४-२५ मध्ये कंपनीने त्याला २० लाख दिले आणि कलम १९४जे खाली १० टक्के, म्हणजे २ लाख टीडीएस कापला. इंजिनिअरिंग हा कायद्याने नाव घेऊन सांगितलेला व्यवसाय आहे, त्यामुळे त्याला ४४एडीए लागू होतं : निम्मी रक्कम उत्पन्न, उरलेली निम्मी खर्च, बिलं दाखवायची गरज नाही. उत्पन्न झालं १० लाख. नव्या कर पद्धतीने त्यावर कर ५०,००० आणि ४ टक्के उपकर धरून ५२,०००. म्हणजे १,४८,००० रुपये सरळ मार्गाने त्याचेच होते. त्यासाठी कोणाच्याही ‘सेटिंग’ची गरज नव्हती.

एजंट काय करतो? तोच माणूस ४४एडीमध्ये घालतो. हे कलम धंद्यासाठी आहे. तिथे बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्केच उत्पन्न दाखवायचं असतं. २० लाखांचे झाले १ लाख २० हजार, कर शून्य, रिफंड पुरा २ लाख. एजंटचे २०,०००. इंजिनिअरला वाटतं आपले दोन लाख सुटले. प्रत्यक्षात एजंटने मिळवून दिले ५२,०००, तेही बेकायदा, आणि कमिशन घेतलं हक्काच्या १,४८,००० वरसुद्धा.

‘रिफंड आला म्हणजे खात्याने तपासून पास केलं’ हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. रिटर्न भरल्यावर येणारी १४३(१) ची सूचना बेंगळुरूच्या केंद्रातून संगणक काढतो. तो बेरीज-वजाबाकी आणि टीडीएसचा मेळ बघतो. तुम्ही इंजिनिअर आहात की किराणा दुकानदार, हे तिथे कोणी बसून वाचत नाही. पण तुमच्या एआयएसमध्ये (खात्याकडे असलेल्या तुमच्या व्यवहारांच्या वार्षिक नोंदीत) १९४जे ठसठशीत लिहिलेलं असतं आणि रिटर्नमध्ये धंद्याचा कोड भलताच. हा विसंवाद पुढे कधीही पकडता येतो. साधारणपणे कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून सव्वातीन वर्षांपर्यंत प्रकरण पुन्हा उघडायची १४८ ची नोटीस येऊ शकते. उत्पन्न चुकीचं सांगितलं असं ठरलं तर २७०ए खाली दंड कराच्या २०० टक्के. वरच्या उदाहरणात कर ५२,०००, दंड १,०४,००० आणि जादा गेलेल्या रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का व्याज. एजंटचे २०,००० गेले ते वेगळेच.

(ही सगळी कलमं १९६१ च्या कायद्यातली. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले. जुन्या वर्षांची प्रकरणं मात्र जुन्याच कलमांनी चालतात.)

दुसरी खेळी राजकीय पक्षाच्या देणगीची. ८०जीजीसी या कलमाखाली देणगीची पूर्ण रक्कम उत्पन्नातून वजा होते. चेकने नाव न ऐकलेल्या पक्षाला २ लाख द्यायचे, कमिशन कापून बाकीचे रोख परत घ्यायचे. पावती खरी असते, देणगी खोटी. १४ जुलै २०२५ ला प्राप्तिकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी अशाच खोट्या वजावटींसाठी तपासणी केली. एजंट केवळ रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल काढतात आणि नंतर सोडून देतात, हेही तेव्हा बाहेर आलं. म्हणजे नोटिसा येतात, पण त्या उघडायला कोणीच नसतं. शिवाय ही वजावट नव्या कर पद्धतीत मिळतच नाही. ती मिळवून देतो म्हणणाऱ्याने तुम्हाला जुन्या पद्धतीत नेलेलं असतं, आणि धंदा किंवा व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला तिथून नव्या पद्धतीत परतायची संधी एकदाच मिळते.

आता ठेकेदारांकडे वळू. ज्यांनी ४४एडी घेतलं आहे त्यांनी वर पेट्रोल, घसारा (वस्तू झिजते त्याची दरवर्षीची वजावट), मशीन असलं काही वजा करायचं नसतं. सगळं त्या टक्क्यांत आलं. जे वह्या ठेवतात त्यांच्या खर्चातच खरा घोळ. गाडीचा हप्ता पूर्ण खर्चात टाकतात. चालतं फक्त व्याज, तेही कामापुरतं. मुद्दल खर्च नाही. धनत्रयोदशीला घेतलेलं ५०,००० चं वेल्डिंग मशीन त्याच वर्षी पूर्ण वजा होत नाही. घसारा १५ टक्के, आणि वापर १८० दिवसांहून कमी म्हणून निम्मा : पहिल्या वर्षी ३,७५० रुपये. मुकादमाला शनिवारी ६०,००० रोख दिले तर एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर म्हणून ती सगळीच रक्कम खर्चातून उडते. तेच पैसे मजुरांना ज्याचे त्याला वाटून मस्टरवर सह्या घेतल्या तर टिकतात. एलआयसीचा हप्ता, मुलांची फी, नवरात्रातले कपडे यांबद्दल बोलायलाच नको.

पीएफचा फटका मात्र फारच कमी जणांना माहीत असतो. मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षांसाठी मजुराच्या पगारातून कापलेला हिस्सा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायला हवा होता. १६ ला भरला असेल तर त्या वर्षांत ती रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते आणि पुढेही वजा मिळत नाही. त्या वर्षांसाठीही रिटर्नआधी भरला तरी चालतो, असं सांगणारे अजून भेटतात. १२ ऑक्टोबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो दरवाजा बंद झाला.

आणि ‘पक्कं बिल देतो, माल नको’ म्हणणारा भेटला तर तिथल्या तिथे उठा. सिमेंट-लोखंडाच्या विकत घेतलेल्या बिलावर २७१एएडीखाली बिलाच्या रकमेएवढा दंड बसू शकतो. त्या बिलावर वजा घेतलेला जीएसटी (क्रेडिट) १८ टक्के व्याजासह परत भरावा लागतो, तो आणखी वेगळा.

एजंट ओळखायचा कसा? चार्टर्ड अकाउंटंटला रिफंडच्या टक्क्यांवर फी घ्यायला त्याच्या संस्थेचीच मनाई आहे. टक्केवारी काढली की समोरचा सीए नाही, किंवा नियम मोडतो आहे. प्रमाणपत्र दिलं असेल तर त्यावरचा यूडीआयएन हा १८ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक सीएंच्या संस्थेच्या, म्हणजे आयसीएआयच्या, संकेतस्थळावर टाकून बघा.

फसलाच असाल तर नोटिसेची वाट पाहू नका. चूक दुरुस्त करून जादा कर भरायचं अपडेटेड रिटर्न भरता येतं. २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, त्यापुढच्या वर्षात ५० टक्के, मग ६०, ७०. वरच्या उदाहरणात पहिल्या मुदतीत ५२,००० वर १३,००० आणि व्याजाचा भाग. १,०४,००० च्या दंडापुढे हे स्वस्तच. पण त्याआधी पोर्टलवर लॉगिन करून पासवर्ड बदला आणि प्रोफाइलमधला मोबाइल नंबर व ईमेल कोणाचा आहे ते पाहा.